मी पाठीवर वाळू वाहून नेली: सौर पॉवर बँकेच्या फसवणुकीचा अनुभव

डोंगरातल्या सहलीच्या दुसऱ्या रात्री तंबूत शिरून मी फोन पॉवर बँकेला लावला, तेव्हा फोनमध्ये २२ टक्के चार्ज होता आणि पॉवर बँकेचे चारही दिवे लागलेले होते. चार दिवे म्हणजे पूर्ण भरलेली, असं सोबतच्या कागदावर छापलं होतं. पहाटे जाग आली तर फोन ३९ टक्क्यांवर अडकलेला आणि पॉवर बँक बंद. बटण दाबलं की चार दिवे लागायचे आणि दोन सेकंदांत विझायचे. शेजारी माझा चौदा वर्षांचा भाचा झोपला होता. बाहेर इतकं दाट धुकं होतं की तंबूच्या दोऱ्यासुद्धा दिसत नव्हत्या. उतरायची वाट त्या फोनमध्ये होती.

ही पॉवर बँक मी सहलीच्या पंधरा दिवस आधी ऑनलाइन मागवली होती. जाहिरातीत एक तरुण डोंगरमाथ्यावर उभा, त्याच्या सॅकला चकाकणारं सौर पॅनल लटकवलेलं, आणि खाली ठळक अक्षरांत: ५०,००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं हे माप), एका दिवसाच्या उन्हात पूर्ण चार्ज, आयपी६७ जलरोधक, विमानात नेता येते, रेंज नसतानाही एसओएस. पाचपैकी पावणेपाच तारे आणि शेकडो अभिप्राय. नावाजलेल्या कंपन्यांच्या २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेपेक्षाही ती स्वस्त होती. शंका आली नाही असं नाही. पण खोकं उघडून ती हातात घेतली तेव्हा चांगली जड लागली, आणि जड वस्तू आपल्याला खरी वाटते. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

पैसे गेल्याचं दुःख कधीच ओसरलं. आजही खुपतं ते हे, की त्या एका आकड्यावर विसंबून मी सॅकमधून तीन गोष्टी काढून ठेवल्या: माझी जुनी, छोटी पण भरवशाची पॉवर बँक, कागदी नकाशा आणि होकायंत्र. वजन कमी होईल म्हणून. सोबत मुलगा असताना मी हे केलं.

पहिल्या रात्री आम्ही दोन्ही हेडटॉर्च आणि कॅमेरा तिच्यावर चार्ज केले. दुसऱ्या दिवशी ती दिवसभर सॅकवर उन्हात लटकत होती, पॅनलजवळचा हिरवा दिवा लागलेला होता. संध्याकाळी चारही दिवे दिसले आणि मी निश्चिंत झाले. निश्चिंत झाल्यामुळे फोनही जपून वापरला नाही. रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी झपाट्याने उतरते. फ्लाइट मोड लावला तरी बहुतेक फोनचं जीपीएस चालू राहतं आणि आधी उतरवून घेतलेला नकाशा वापरता येतो. मला हे माहीत होतं. पण ५०,००० एमएएच पाठीशी असताना ते करायची गरजच वाटली नाही.

सकाळी धुक्यातच निघालो. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते, त्यामुळे ते ३९ टक्के दोन तासही पुरले नाहीत. जिथे वाटेला दोन फाटे फुटतात तिथे फोन बंद पडला होता. मी डावीकडची वाट धरली. ती घळीत उतरत गेली, दगड मोठे होत गेले, आणि एका ठिकाणी पुढे जमीनच नव्हती. खाली फक्त पांढरं धुकं आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज. मी भाच्याला मागे ओढलं, दोघं कातळाला टेकून बसलो, आणि मला एसओएसचं बटण आठवलं. पाच सेकंद दाबून ठेवायचं होतं. मी दाबलं. उरल्यासुरल्या चार्जवर पॉवर बँकेच्या मागचा एलईडी दिवा उघडझाप करू लागला. तीन छोट्या, तीन लांब, तीन छोट्या, म्हणजे मोर्स लिपीतलं एसओएस.

"मावशी, आता कुणाला कळलं?" त्याने विचारलं.

कुणालाच कळलं नव्हतं. तो फक्त दिवा होता.

आम्ही आल्या वाटेने परत फाट्यापर्यंत चढलो आणि तिथेच थांबलो. दुपारी धुकं विरळ झालं, खालचा ओढा दिसला, त्याच्या काठाने जाणारी उजवीकडची वाट दिसली. अंधार पडायच्या आत खाली पोचलो. एवढंच घडलं, कुणाला खरचटलंही नाही. पण धुकं तसंच राहिलं असतं तर काय, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

या एसओएसबद्दल नीट सांगायला हवं, कारण असे शब्द आता खूप वस्तूंवर छापलेले दिसतात. जीपीएस फक्त ऐकतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत तुमचा फोन पकडतो आणि स्वतःची जागा काढतो. ती जागा दुसऱ्या कुणाला कळवायची तर संदेश पाठवणारी वेगळी यंत्रणा लागते. खरी यंत्रणा म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा आपत्कालीन बीकन, म्हणजे संकटाचा संकेत पाठवणारं छोटं यंत्र. तो कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-व्यवस्थेला संकेत देतो, आणि त्या व्यवस्थेमुळे १९८२ पासून माणसं वाचत आली आहेत. अशा प्रत्येक बीकनला स्वतःचा ओळख-संकेतांक असतो आणि तो मालकाच्या नावावर नोंदवावा लागतो. दुसरा प्रकार उपग्रहावरून मजकूर पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांचा, त्यांना बहुतेक वेळा वर्गणी भरावी लागते. काही नव्या फोनमध्येही ही सोय आली आहे, पण सगळ्या देशांत चालत नाही, आणि काही देशांत उपग्रह-फोनसारखं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं हा गुन्हा ठरतो. थोडक्यात, जे यंत्र खरोखर मदत बोलावतं ते तुमच्याकडे नोंदणी, वर्गणी किंवा परवानगी यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा मागतं. माझ्या पॉवर बँकेने काहीच मागितलं नव्हतं. जाहिरातीतल्या वाक्यात खोटंही नव्हतं, दिव्याला रेंज लागतच नाही. ते वाक्य रचणाऱ्याने डोंगरात अडकलेल्या माणसाचा क्षणभरही विचार केला नसेल.

घरी येऊन मी विक्रेत्याला लिहिलं. उत्तर तासाभरात आलं, अतिशय गोड. नवी बॅटरी आहे, तीन-चार वेळा पूर्ण भरा आणि पूर्ण उतरवा म्हणजे ती 'जागी' होईल. मी तसं केलं. प्रत्येक फेरीला दीड-दोन दिवस गेले, कारण ती चार्ज व्हायला लावली की चौथा दिवा रात्रभर लुकलुकत राहायचा. तिसऱ्या फेरीनंतर पुन्हा लिहिलं तेव्हा कळलं की परत करायची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. लिथियम बॅटरीला असं काही जागं करावं लागत नाही. पूर्ण उतरवून भरायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातली आहे, लिथियमला उलट पूर्ण उतरवणं मानवत नाही. हा सल्ला केवळ दिवस काढण्यासाठी होता. मी वाईट अभिप्राय लिहिल्यावर मात्र अर्धे पैसे परत द्यायची तयारी दाखवली गेली, अट एकच: अभिप्राय काढून टाका. मी काढला नाही. तेव्हाच इतरांचे अभिप्राय मागे मागे जाऊन वाचले. पहिले काही डझन बुटांच्या लेसबद्दल होते. 'रंग छान, गाठ सुटत नाही.' म्हणजे चांगले तारे मिळालेलं लेसचं जुनं पान घेऊन त्यावर वस्तू बदलली होती.

मग ती पॉवर बँक मी इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करणाऱ्या एका मित्राकडे नेली. (हे घरी करू नका. लिथियम सेलला टोक लागलं किंवा शॉर्ट झाला तर तो पेट घेतो.) आधी त्याने बाहेर पडणारी वीज मोजणारा यूएसबी मीटर लावून ती पूर्ण उतरवली. बाहेर आली ती ऊर्जा १३ वॅट-तास. जाहिरात खरी असती तर आत १८५ असायला हवी होती, तो हिशेब पुढे येतो. मग झाकण काढलं. आत सहा गोल सेल ओळीने बसवलेले. त्यांतल्या चार सेलना तारच जोडलेली नव्हती. मित्राने त्यातला एक बाजूला घेऊन वरचं आवरण सोलून दाखवलं. नळीत बारीक वाळू होती. चालू असलेले दोन सेल जुन्या लॅपटॉपमधले, नवं आवरण चढवलेले. दिव्यांचा चार्जशी जेमतेमच संबंध होता. सेल थोडा वेळ स्वस्थ पडले की त्यांचा व्होल्टेज जरा वर येतो, आणि तेवढ्यावर चारही दिवे लागत होते.

ती वाळू मी टेबलावरच्या कागदावर पाहत बसले होते. ती माझ्या पाठीवर होती. होकायंत्राच्या बदल्यात मी ती उचलून नेली होती.

आता हिशेब सांगते. वस्तू न उघडता, अगदी जाहिरातीचं पान वाचतानाच करता आला असता असा हा हिशेब आहे. पॉवर बँकेत सर्रास वापरला जाणारा गोल सेल, ज्याला १८६५० म्हणतात, साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, आणि चांगल्यात चांगला घेतला तरी त्यात सुमारे ३,५०० एमएएच मावतात. ५०,००० हवे असतील तर पंधरा सेल लागतील. नुसत्या सेलचंच वजन पावणेसातशे ग्रॅम, त्यावर पेटी आणि पॅनल. जाहिरातीत वजन लिहिलं होतं ४१० ग्रॅम. हाताला जड लागली म्हणून मी फसले, पण तिथला आकडा वाचून भागाकार केला असता तर फसले नसते.

दुसरी खूण विमानाची. एमएएचला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की वॅट-तास मिळतात. ५०,००० एमएएच म्हणजे १८५ वॅट-तास. विमानात प्रवाशाला १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक जवळच्या सामानात नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, आणि त्यापुढची नेता येत नाही. म्हणजे 'विमानात नेता येते' आणि '५०,००० एमएएच' या दोन ओळी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. त्या एकाखाली एक छापल्या होत्या. मी दोन्ही वाचल्या होत्या.

आणि पॅनल. मी ते पट्टीने मोजलं: १४ सेंटिमीटर लांब, ७ रुंद. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट पडतात, म्हणजे एवढ्याशा तुकड्यावर दहाहून कमी. उत्तम पॅनलही त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं. हाती येतात जेमतेम दोन वॅट, तेही पॅनल सूर्याकडे नेमकं वळवलेलं असताना. १८५ वॅट-तास भरायला असं कडक ऊन नव्वद तासांहून जास्त लागेल. चालत्या माणसाच्या पाठीवर, झाडांच्या सावलीत, यातलं निम्मंही मिळत नाही. शिवाय सेल पॅनलच्या मागेच चिकटवलेले असल्यामुळे ऊन त्यांनाही तापवतं, आणि लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. उन्हात ठेवूनच चालणारी आणि उन्हानेच खराब होणारी वस्तू मुळात फसवी आहे. आत वाळू नसती तरी माझं हेच मत राहिलं असतं. कित्येक दिवस बाहेर राहायचं असेल तर घडीचं मोठं, सुटं पॅनल घ्यावं आणि बॅटरी सावलीत ठेवावी. दोन रात्रींसाठी तर पॅनल लागतच नाही.

या वस्तू जिथे उपयोगी पडायच्या तिथून तक्रार करता येत नाही, आणि तक्रार करता येते तिथे त्या आपण वापरून पाहत नाही. ही अख्खी फसवणूक एवढ्यावर उभी आहे. म्हणून आता बाहेर न्यायची कुठलीही विजेची वस्तू आली की त्याच दिवशी मी ती काट्यावर ठेवते, मीटर लावून एकदा पूर्ण उतरवते, हेडटॉर्च रात्रभर जळत ठेवून किती तास टिकतो ते लिहून ठेवते. मीटर छोटासा मिळतो आणि महाग नसतो. पॉवर बँकेवर 'रेटेड कपॅसिटी', म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, वेगळी छापलेली असेल तर मी तोच आकडा धरते, कारण पाच व्होल्टने बाहेर येताना मोठ्या आकड्यातला तिसरा हिस्सा तरी कमी होतो. प्रामाणिक कंपन्या हे स्वतःच छापतात. परत करायची मुदत संपायची तारीख मी खोक्यावर पेनाने लिहिते. आणि नकाशा, होकायंत्र सॅकच्या वरच्या कप्प्यात असतं. भाचा आता स्वतःच ते आधी तपासतो, मला विचारत नाही.

परवा ती जाहिरात पुन्हा दिसली. तोच तरुण, तोच डोंगरमाथा, दुकानाचं नाव वेगळं. क्षमता आता ६०,००० एमएएच लिहिली आहे. वजन ४१० ग्रॅम.