तोंडात टिकलं ते माउथगार्ड: आठ महिन्यांच्या स्पारिंगनंतर

आधी माझ्या तोंडाची माहिती देते, कारण माउथगार्डबद्दल, म्हणजे फटक्यांपासून वाचायला दातांवर बसवायच्या कवचाबद्दल, काहीही वाचताना पहिला प्रश्न हाच पडायला हवा की लिहिणाऱ्याचा जबडा कसा आहे. वय ३७. जबडा लहान. वरचा डावा सुळा ओळ सोडून जरासा पुढे आलेला. उजवीकडच्या एका दाढेचं रूट कॅनॉल झालंय, वर टोपी आहे. आणि उमासे इतके लवकर येतात की ब्रश थोडा मागे गेला तरी डोळ्यांत पाणी. नाशिकला संध्याकाळच्या किकबॉक्सिंगच्या बॅचला जाते. आठवड्याला तीन दिवस, त्यातले दोन दिवस स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, दोन-दोन मिनिटांचे राउंड. या आठ महिन्यांत चार तऱ्हेची माउथगार्ड झाली.

पहिलं दीडशे रुपयांचं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं रबर, पाकिटातून काढायचं आणि थेट तोंडात. गरम बिरम काही नाही. त्याला दातांचा आकारच नसल्यामुळे ते दातांना धरत नाही, आपणच त्याला धरायचं. म्हणजे दात सतत आवळलेले. दात आवळले की श्वास नाकाने, आणि दुसऱ्या मिनिटाला नाक पुरत नाही. त्यात आम्हाला फटक्याबरोबर तोंडाने 'हुश्श' करून श्वास सोडायला शिकवलंय. माझ्या हुश्शबरोबर गार्ड दोनदा मॅटवर पडलं, दुसऱ्यांदा समोरच्या मुलाच्या पायाखाली गेलं. घरी आणून धुतलं, बघितलं आणि केराच्या टोपलीत टाकलं.

तसं पाहिलं तर या वस्तूची सुरुवात याहून फार वेगळी नव्हती. १८९० मध्ये लंडनच्या वुल्फ क्राउझ नावाच्या दंतवैद्यांनी बॉक्सर रिंगमध्ये उतरण्याआधी त्यांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवायला सुरुवात केली, स्वतःच्याच दातांनी ओठ फाटू नयेत म्हणून. गटापर्चा म्हणजे एका झाडाचा वाळवलेला चीक. रूट कॅनॉलच्या दाढेत आजही तोच भरतात. म्हणजे माझ्या तोंडात तो आधीपासूनच होता, फक्त चुकीच्या जागी.

दुसरं गार्ड 'उकळा आणि चावा' प्रकारातलं, साडेचारशेचं. दुकानातून आणलं तेव्हा लाल होतं. आम्हाला शिकवणारे सर मूळचे बॉक्सिंगमधले, त्यांनी पाकीट फोडूच दिलं नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये लाल रंगाचं माउथगार्ड चालत नाही, तोंडातून रक्त येतंय की काय ते रेफरीला दिसत नाही म्हणून. "बदलून आण," एवढंच म्हणाले. दुकानदाराने कुरकुर करत काळं दिलं.

ही बहुतेक गार्ड इव्हीए नावाच्या प्लास्टिकची असतात, चपलांच्या तळव्यात असतं तेच. गरम पाण्यात मऊ होतं, गार झालं की तो आकार धरून ठेवतं. वाचायला सोपं. मी पाणी उकळलं चहाच्या पातेल्यात, गार्ड टाकलं आणि तेवढ्यात फोन आला. पाकिटावर लिहिलेल्या सेकंदांच्या दुप्पट वेळ गेला असेल. झाऱ्याने काढलं तर दोन्ही टोकं आत वळून एकमेकांना चिकटलेली, शिळ्या पोळीची गुंडाळी असावी तशी. ते कसंबसं सोडवलं, परत गरम केलं, तोंडात घातलं आणि जोरात चावलं. इथे दुसरी चूक. जोरात चावलं की दाढांखालचं मटेरियल बाजूला पळतं आणि नेमकं जिथे जाड हवं तिथे कागदाएवढं उरतं. शिवाय पातेल्यात सकाळचं आलं मुरलेलं होतं. पुढचा महिनाभर प्रत्येक राउंडला चहाची तल्लफ.

तसंच आणखी एक आणलं आणि या वेळी डोकं शांत ठेवून बसवलं. ते जरा सविस्तर लिहिते, कारण सूचनांच्या चिठ्ठीत हे नसतं. गार्ड आधी गारच असताना तोंडात घालून बघा. मागचं टोक अक्कलदाढेपर्यंत जात असेल तर गरम करण्याआधीच कापा. गरम करायला स्वच्छ भांडं, बाजूला बर्फाच्या पाण्याचा वाडगा, समोर आरसा. बाहेर काढल्यावर एखादा सेकंद गार पाण्यात बुडवून मगच तोंडात, नाहीतर हिरडी भाजते. पुढच्या दोन दातांच्या मधली रेघ आणि गार्डची मधली खूण जुळवायची, अंगठ्यांनी वर दाबायचं, हळू चावायचं आणि चोखायचं. चोखायचं हे महत्त्वाचं. आतली हवा निघते आणि ते टाळूच्या बाजूने दातांना बिलगतं. बाहेरून गालावरून, ओठावरून बोटांनी दाबत राहायचं.

बसलं छान. तोंड आ केलं तरी पडेना. आणि तरीही दर राउंडला उमासे. एकदा तर समोरच्याने जॅब, म्हणजे सरळ ठोसा, मारायच्या आधीच मी हात वर करून कोपऱ्यात गेले. सर म्हणाले सवय होईल. दोन आठवडे वाट बघितली, सवय काही झाली नाही. मग एका रविवारी आरशासमोर उभी राहून बोटाने एकेक जागा दाबत गेले, कुठे लागलं की पोटातून येतं ते बघायला. समजलं की जाडीचा यात काहीच संबंध नाही. गार्डच्या मागच्या टोकाची आतली, टाळूकडची कड होती ती. तिथेच मऊ टाळू सुरू होतो. नखं कापायच्या छोट्या वाकड्या कात्रीने दोन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर उडवलं, आतली कड तिरकी केली. कापलेली कड टोचते, म्हणून तेवढंच टोक गरम पाण्यात बुडवून ओल्या बोटाने गुळगुळीत केलं. दुसऱ्या दिवशी तीन राउंड सलग खेळले. दुसऱ्या राउंडच्या मध्यावर आठवलं की अरे, तोंडात काहीतरी आहे. माझ्या मते आरामदायी गार्डची हीच परीक्षा, बाकी पाकिटावरचं सगळं जाहिरात.

मात्र कापताना हात आवरा. मागच्या मोठ्या दाढांपर्यंत आधार राहिला पाहिजे. पुढच्या दातांपुरतं गार्ड ठेवलं तर हनुवटीवर फटका बसल्यावर जबडा आपटायला मागे उशीच राहत नाही.

आणखी एक जागा, जी मला कुणीच सांगितली नव्हती. वरचा ओठ उचलून आरशात बघा. ओठाला हिरडीशी जोडणारी एक पातळ चामडीची दोरी मध्यभागी दिसेल. गार्डची वरची कड तिच्यावर घासली की दोन दिवसांत तिथे फोड येतो आणि मिसळ खाताना तो कळतो. तिथे इंग्रजी व्हीसारखी छोटी खाच हवी. बऱ्याच गार्डना ती असते, पण आपली दोरी लांब असेल तर वाढवावी लागते.

हे गार्ड दोन महिने चाललं. मरण्याचं कारण मीच. राउंडच्या मध्ये, सर बोलत असताना, पाळी यायची वाट बघताना मी ते चघळत बसायचे. दाढांखाली भोक पडलं. तुमच्या जिममधली दहा गार्ड बघा, निम्मी फटक्यांनी गेलेली नसतात, चघळून गेलेली असतात.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. अठराशे रुपये, दोन थरांचं, आत जेलसारखा मऊ थर, पुढे श्वासासाठी भोकं. संरक्षण भरपूर असेल, मला तर ओठच मिटता येईनात. तोंड उघडं राहून कोरडं पडायचं आणि त्याच वेळी लाळ गळायची, हे दोन्ही एकदम कसं होतं ते अजून कळलेलं नाही. 'थांबा' म्हटलं की 'फांफा' ऐकू यायचं आणि समोरचा हसत हसत आणखी एक लो किक द्यायचा. बॅचमधला सहा फुटी मुलगा तेच मॉडेल वापरतो आणि खूश आहे. त्याच्या तोंडात त्याला जागा आहे. तेव्हा पैसे जास्त म्हणजे आराम जास्त, हे गणित इथे लागू नाही. लहान जबडा असेल तर आधी जाडी बघा. बाजारात दीड-पावणेदोन मिलिमीटरची, जाळीसारखी भोकं असलेली पातळ गार्डही मिळतात. आमच्यातली एक जण ते घालून पाणी पिते, गप्पा मारते. मी तोवर डेंटिस्टकडे वळले होते.

चौथं गार्ड डेंटिस्टकडचं, साडेतीन हजार रुपये. आधी त्यांनी सगळे दात तपासले, एक छोटी कीड भरली. गार्ड झाल्यावर दात भरले किंवा टोपी बदलली तर गार्ड बसत नाही, म्हणून हा क्रम. मग माप. वाटीसारख्या ट्रेमध्ये थंडगार लगदा भरून वरच्या दातांवर दाबून ठेवतात, तो थिजेपर्यंत हलायचं नाही. उमासे येणाऱ्यांसाठी ही खरी स्पारिंग. त्यांनी खुर्ची सरळ उभी केली, मान थोडी पुढे घ्यायला लावली आणि म्हणाले, "नाकाने श्वास घ्या आणि उजवा पाय उचलून धरा. किकबॉक्सिंग करता ना?" लक्ष पायाकडे गेलं की घसा शांत होतो म्हणे. झाला खरा.

त्यांनी खालच्या दातांचंही माप घेतलं. हे तुम्ही आवर्जून विचारा. गार्ड वरच्या दातांवर बसतं हे खरं, पण चावताना खालचे दात त्यावर कसे टेकतात ते कळलं नाही तर एकाच बाजूला भार येतो आणि जबडा दुखतो. मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर इव्हीएची तापवलेली शीट. ओढली जाताना शीट ताणून पातळ होते, म्हणून "किती मिलिमीटरची शीट?" एवढंच विचारून उपयोग नाही, तयार गार्ड किती जाड आहे ते विचारायचं. ओठाकडून आणि चावायच्या जागी साधारण ३ मिलिमीटर, टाळूकडे २, असं त्यांनी धरलं. नुसत्या व्हॅक्यूमने ओढलेल्यापेक्षा दाबाखाली दोन थर जोडून केलेलं आकार जास्त टिकवतं. माझं दोन थरांचं आहे.

नऊ दिवस लागले. पहिल्याच दिवशी टोपीवाल्या दाढेवर ते उंच लागत होतं. निळा कार्बनसारखा कागद चावायला देऊन त्यांनी नेमकी जागा शोधली आणि घासून दिली. ही दहा मिनिटांची दुरुस्ती बाजारच्या गार्डला मिळत नाही, आणि माझ्या मते साडेतीन हजारांतले निम्मे पैसे याचेच. डाव्या सुळ्याभोवती ते मोज्यासारखं बसलंय. बोलता येतं. 'थांबा' आता थांबाच ऐकू येतं.

आतापर्यंत त्याने एकदा खरी परीक्षा दिली. मार्चमध्ये जोडीदाराची राउंडहाउस किक, म्हणजे बाजूने फिरवून मारलेली लाथ, माझ्या हातांच्या बचावाखालून थेट तोंडावर आली. डोळ्यांपुढे काजवे, वरचा ओठ सुजला. पण ओठ आतून फाटला नाही, दात हलला नाही. डोकं मात्र संध्याकाळभर जड होतं आणि सरांनी आठवडाभर स्पारिंग बंद ठेवलं, तेच बरोबर होतं. माउथगार्ड दातांसाठी आहे, मेंदूला बसणारा हादरा ते थांबवतं असं धरून चालू नका. आणि दात मुळासकट निघालाच तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, घासायचा नाही, दुधात टाकायचा आणि अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्ट गाठायचा. आमच्या बॅचच्या फ्रिजमध्ये तेव्हापासून दुधाची एक छोटी पिशवी असते. चहात जाऊ नये म्हणून तिच्यावर मार्करने 'दातांसाठी' लिहिलंय.

देखभालीत दोनच गोष्टींनी मला धडा दिला. एक, उष्णता. जुनं गार्ड अडीअडचणीला म्हणून स्कूटरच्या डिकीत ठेवलं होतं. एप्रिलच्या एका दुपारनंतर ते केळीच्या सालीसारखं पसरलेलं मिळालं. धुवायलाही गार पाणीच, मऊ ब्रश आणि साधा साबण. दुसरी गोष्ट, डबी. बंद डबीत ओलं ठेवलं की तिसऱ्या दिवशी असा वास येतो की विचारू नका. भोकांची डबी घ्या आणि आधी गार्ड वाळू द्या. मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवायचे, तर सासूबाईंनी मामंजींची कवळी समजून ग्लासात बुडवून ठेवलं. कवळी धुवायच्या गोळ्या याला चालतात, फक्त पाणी कोमट हवं, म्हणून गोळ्यांचं पाकीट आता दोघांत एक आहे.

बॅचमधल्या एका मुलीला दातांना तारा आहेत. तिने साधं उकळून चावायचं गार्ड घेऊ नये, ते तारांमध्ये घुसून अडकतं. तारांसाठी रुंद खोबण असलेलं वेगळं मिळतं. ज्यांचे दात अजून सरकताहेत, किंवा ज्यांची मुलं वाढत्या वयाची आहेत, त्यांनी डेंटिस्टकडच्या गार्डवर एवढे पैसे घालू नयेत. सहा महिन्यांत ते बसणार नाही. साडेचारशेचं घ्या, नीट बसवा, मागची टोकं कापा.

माझ्या चौथ्याच्या तक्रारी म्हणाल तर, एकच गार्ड आहे, हरवलं तर नऊ दिवस स्पारिंग बंद. आणि चघळण्याची सवय सुटलेली नाही, उजव्या दाढेखाली दोन खळगे पडलेत. मागच्या आठवड्यात दाखवलं. अजून चार-एक महिने चालेल म्हणाले, मग नवीन करू, पण माप परत द्यावं लागणार नाही. साचा त्यांनी माझ्याकडेच दिलाय. तो सध्या शोकेसमध्ये गणपतीच्या खालच्या फळीवर आहे आणि घरी कुणी आलं की मुलगा तो काढून दाखवतो, "हे आईचे दात."