मित्रांच्या ग्रुपसाठी गूगल फ्लाइट्सचा ‘एक्सप्लोर’ नकाशा: वापरून पाहा, पण डोळे उघडे ठेवून

परदेशात कुठे जायचं हे पाच-सहा मित्रांनी मिळून ठरवायचं असेल, तर गूगल फ्लाइट्समधलं ‘एक्सप्लोर’ उघडा आणि ‘कुठे’चा रकाना कोरा सोडा. निघायचं शहर, महिना आणि ‘एक आठवडा’ एवढं दिलं की नकाशावर ठिकठिकाणी भाडी दिसू लागतात. महिना येत्या सहांतलाच निवडता येतो. मला ते बरंच वाटतं. ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणणारे तिकिटाच्या वेळी हमखास गायब असतात.

खरा फायदा भांडण मिटवण्यात आहे. ‘बाली की तुर्की’ हा वाद संपत नाही, कारण जो तो आपापल्या रील्स बघून बोलत असतो. नकाशा समोर आला की बोलणं पैशांवर आणि सुट्टीवर येतं. आमच्यात ज्याचं बजेट सगळ्यात कमी, त्याचाच आकडा भाड्याच्या फिल्टरला लावायचा, असा नियम आहे. त्याला ‘मला नाही परवडत’ असं चारचौघांत म्हणावं लागत नाही, महागडी ठिकाणं आपोआपच नकाशावरून जातात. प्रवासाच्या तासांचा फिल्टरही लावाच. नाहीतर स्वस्तात मस्त वाटणाऱ्या तिकिटात दोन थांबे आणि विमानतळावरच्या खुर्चीत काढायची एक रात्र निघते.

भाडं मात्र सुरुवातीला एकाच प्रवाशाचं दिसतं. सहाजण असाल तर प्रवासी सहा करा आणि मग आकडा बघा. विमान कंपन्या एकाच वर्गातल्या जागा वेगवेगळ्या दरांनी विकतात. सगळ्यात स्वस्त दराच्या चारच जागा उरल्या असतील, तर सहा तिकिटं एकत्र शोधताना बहुतेक वेळा सहाही जागांना वरचा दर लागतो. म्हणून चार आणि दोन असंही शोधून पाहावं. फक्त बुकिंग दोन झाली, की फ्लाइट रद्द झाल्यावर सगळ्यांना एकाच विमानात बसवतील याची खात्री नाही.

हवामान या नकाशाच्या हिशेबात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हिएतनामचं होई आन स्वस्त दिसलं, तर हुरळून जाऊ नका, तो तिथला पुराचा काळ. थायलंडमध्ये तर दोन किनाऱ्यांचे पावसाळे वेगळे: फुकेतला साधारण मे ते ऑक्टोबर, सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर.

व्हिसाचा फिल्टरही नाही, आणि ग्रुपचे बेत फिसकटतात ते बहुधा इथेच. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45 सुद्धा. तिथून परतायच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान 3 महिने वैध लागतो. इंडोनेशियाला पोचताना 6 महिने शिल्लक हवेत. त्यामुळे नकाशा उघडायच्या आधी सगळ्यांकडून पासपोर्ट संपायची तारीख मागवून घ्या. नुसती तारीख, फोटो नको.

मग तीन ठिकाणं निवडून व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाका. पर्याय बारा देता येतात, पण तीनच द्या. एकापेक्षा जास्त उत्तरांची सोय बंद ठेवा. आणि ‘कुठेही चालेल’ हा पर्याय चुकूनही देऊ नका, नाहीतर तोच जिंकतो.