‘टर्बोचेच आहेत’ म्हणून गळ्यात मारलेले ९.७चे रोटर

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. ५,३४५ न्यूझीलंड डॉलर. त्यातले १,६०० रोटरच्या जोडीचे, ८५ कुरिअरचे. उरलेले ३,६६० त्या जोडीवर विश्वास ठेवल्याचे.

माल माझदाच्या १३बी इंजिनाचा; हे रोटरी इंजिन, यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. जाहिरातीत लिहिलं होतं : १९८९ ते ९१च्या टर्बो आरएक्स-७मधले, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पटीनं दाबलं जातं तो आकडा) ९.०, साफ करून, वजन जुळवून. निघाले त्याच वर्षांतल्या बिनटर्बो गाडीचे, ९.७चे. आकडे सगळ्यांना पाठ असतात : १९८८पर्यंत टर्बोला ८.५ आणि बिनटर्बोला ९.४, १९८९पासून ९.० आणि ९.७, एफडीला (त्यानंतरच्या आरएक्स-७ला) ९.०, आरएक्स-८ला १०.०. पण बाहेरून पाहावं तर सगळे सारखेच तिकोनी बिडाचे गोळे. फरक फक्त बाजूवरच्या खळग्यात. एका चेंबरचे ६५४ सीसी धरून हिशोब करा : पूर्ण दाबल्यावर ९.०च्या रोटरला साधारण ८१.७ सीसी जागा उरते, ९.७ला ७५.२. सगळी लबाडी साडेसहा सीसीची, दीड चमचाही नाही.

टर्बोला ९.७ चालत नाही असं कुणी समजू नये. चालतं. बूस्ट (टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब) येण्याआधी गाडी जास्त जिवंत वाटते. फक्त ते ठरवून करायचं असतं : ठिणगी थोडी उशिरा पाडायची, बूस्ट ७-८ पीएसआयवर रोखायचा, नाहीतर ई८५ (भरपूर इथेनॉलचं इंधन) किंवा पाणी-मेथनॉलची फवारणी जोडायची. रोटरीचं दहनकक्ष लांबट आणि चपटं, ज्योत शेवटच्या कोपऱ्यात पोचायला वेळ लागतो. तोवर तिथलं मिश्रण आपणहून पेटलं की धक्का थेट एपेक्स सीलवर, म्हणजे रोटरच्या टोकावरच्या पट्टीवर बसतो. पिस्टन इंजिन असं आपणहून पेटणं (नॉकिंग) थोडं सोसतं, दोन मिलिमीटरची पट्टी सोसत नाही. मॅप (इंधन-ठिणगीचं कोष्टक) बनतो तो कॉम्प्रेशनच्या आकड्यावर, आणि इथे आकडाच खोटा होता.

ट्यूनरनं ९.०चा मॅप भरला. त्यानं विचारलंही होतं, “कॉम्प्रेशन नक्की ना?” मी “नक्की” म्हणालो. १४ पीएसआयवर मागच्या रोटरचं सील गेलं. रोटरीच्या टेस्टरवर, २५० आरपीएमला, तिन्ही बाजूंचा दाब असा : पुढचा रोटर ७.४, ७.३, ७.५ किलो; मागचा ७.१, २.०, १.८. एक सील दोन चेंबरांच्या मधली भिंत असतं, म्हणून सील एक तुटलं की आकडे दोन पडतात. तुकडा एक्झॉस्टमधून टर्बाइनच्या पात्यांवर गेला, जाता जाता हाउसिंगचा क्रोम खरवडून. खर्च : रोटर तपासून धुणं २४०, सील-गॅस्केट किट १,१५०, डायनो (इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र) ९५०, जुनं मागचं हाउसिंग ७००, टर्बो दुरुस्ती ६२०.

आता सगळ्यात झोंबणारी गोष्ट. माझा जुना, खाच फुटलेला ९.०चा रोटर त्याच बाकाखाली पडला होता. नव्याचा खळगा उथळ दिसतोय हे जाणवलं होतं. मनाशी म्हटलं, जुन्यावर कार्बन बसलाय, म्हणून फरक वाटत असेल. अरे, कार्बन खळगा भरतो, खोल करतो का? वीस वर्षं हात काळे केलेल्या माणसानं एवढं तरी ओळखावं! पण विक्रेता बोलण्यात पक्का होता, साइड सीलची फट, बेअरिंगचं माप सगळं बिनचूक सांगत होता, आणि भाव बाजारापेक्षा जेमतेम २०० कमी. फुकट मागायला कुणी गेलं नव्हतं.

खळगा मोजायला अर्धा तास लागतो. बाजू फुगीर असते, सपाट काच बसत नाही. पातळ प्लास्टिकची पट्टी वाकवून, कडांना ग्रीस लावून, भोकातून ब्युरेटनं स्पिरिट सोडायचं. ओळखीच्या रोटरशी ताडून बघा, तिन्ही बाजू मोजा. वाळूचा मारा करून चकचकीत केलेला रोटर दिसला की आधी संशय घ्या : वजनवर्गाचं अक्षर पुसट होतं आणि आत अडकलेली वाळू तेलाबरोबर बेअरिंगमध्ये जाते. “वजन जुळवलं” हे तर अर्धंच वाक्य; काउंटरवेट (समतोलाचं वजन) कोणतं धरून, ते विचारा.

तक्रारीचं काय झालं? बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. विक्रीच्या साइटचं संरक्षण त्यांच्यामार्फत पैसे भरले तरच. १,६०० थेट खात्यात टाकले ही माझीच अक्कल. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. ग्राहक कक्षातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे वस्तू सदोष नाही ना?” नाही हो, ९.७चे रोटर म्हणून एकदम उत्तम आहेत! मग म्हणे खाजगी विक्रेत्याला ग्राहक हमी कायदा लागू नाही. २०१७च्या करार व वाणिज्य कायद्यात खोट्या माहितीवर केलेल्या खाजगी विक्रीचीही दाद आहे, हे मला स्वतःला वाचून काढावं लागलं. त्यासाठी हवा तज्ज्ञाचा अहवाल, तो लिहायला गॅरेजवाले तयार नाहीत. त्यांनाही उद्या त्याच माणसाकडून सुटे भाग घ्यायचेत. पाच आठवड्यांत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घ्या, नंतर ती गायब होते. त्याच्या जुन्या विक्रीही जपून ठेवा : नेमानं विकणारा माणूस स्वतःला खाजगी म्हणाला तरी कायद्यानं व्यापारी ठरू शकतो. त्यानं विकलेल्या चार जोड्या मी शोधल्या आहेत.

आरएक्स-८चे १०.०चे रोटर “टर्बोसाठी हलके” म्हणून विकणारेही आहेत. त्यांच्या एपेक्स सीलची खाच उथळ असते, साइड सीलही वेगळे. जुन्या हाउसिंगमध्ये ते नुसते उचलून बसवता येत नाहीत.

पैसे देण्याआधी खळग्याचा फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून. मला आलेल्या अकराही फोटोंत गिअरची बाजू होती.