पंधराव्या वर्षानंतर: थेट फॉर्म्युला ४, की गिअरबॉक्स कार्टचा आणखी एक हंगाम?

पंधरा वर्षे पूर्ण झाली की कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या कार्टच्या शर्यतींत, वाढलेल्या मुलाला फॉर्म्युला १ च्या वाटेवरच्या फॉर्म्युला ४ मध्ये उतरता येते, आणि त्याच वयात केझेड२ हा गिअरबॉक्स कार्टचा (चालकाने गिअर बदलायच्या कार्टचा) वर्गही त्याला खुला होतो. दोन्ही एकाच वर्षी नीट करणे फार थोड्या कुटुंबांना जमते. आमच्या मुलीच्या बाबतीत हा निर्णय आम्हाला घ्यावा लागला तेव्हा आम्ही आधी फॉर्म्युला ४ च्या गाडीत काही चाचण्या करून घेतल्या, मग एक हंगाम केझेड२ ला दिला आणि त्यानंतर फॉर्म्युला ४ कडे वळलो. माझा कल कोणीकडे आहे हे त्यावरून कळेलच. तरी फॉर्म्युला ४ ची बाजू लंगडी नाही आणि ती आधी मांडलेली बरी.

२०१४ मध्ये इटलीत पहिली मालिका सुरू झाल्यापासून सिंगल-सीटरची (एकाच आसनाच्या शर्यती गाड्यांची) पहिली पायरी म्हणून फॉर्म्युला ४ सर्वमान्य झाले आहे. पुढे फॉर्म्युला १ मध्ये पोचलेला लँडो नॉरिस २०१४ मध्ये कार्टिंगचा जगज्जेता झाला आणि लगेच २०१५ मध्ये त्याने ब्रिटनमधली मालिका जिंकली. तसाच पुढे फॉर्म्युला १ मध्ये पोचलेला आंद्रेआ किमी अँटोनेली २०२१ मध्ये कार्टिंगचा युरोपीय विजेता होता. पंधरा पूर्ण होताच तो फॉर्म्युला ४ मध्ये उतरला आणि २०२२ मध्ये इटलीचे विजेतेपद त्याच्याकडे आले. शिवाय काही गोष्टी कार्ट शिकवूच शकत नाही. कार्टला सस्पेन्शन नसते आणि मागचा धुरा अखंड असतो, म्हणून वळणावर आतले मागचे चाक किंचित उचलले जाईल अशा रीतीने ते चालवावे लागते. तीच सवय फॉर्म्युला ४ मध्ये मोडावी लागते. गाडीच्या पुढच्या-मागच्या पंखांमुळे मिळणारी पकड वेग उतरताच कमी होत जाते, त्यामुळे पायाने ब्रेक सुरुवातीला पूर्ण ताकदीने दाबून मग हळूहळू सोडायचा असतो, आणि ब्रेकला सर्व्होची (पायाचा दाब वाढवणाऱ्या यंत्रणेची) मदत नसल्याने त्यासाठी पायात बळही लागते. इंजिनिअरसमोर बसून स्वतःच्या आणि संघातल्या दुसऱ्या चालकाच्या लॅपच्या नोंदींचे आलेख एकमेकांवर ठेवून वाचण्याची शिस्तही इथेच अंगी बाणते.

सुपर लायसन्सच्या, म्हणजे फॉर्म्युला १ च्या परवान्याच्या, गुणांचा मुद्दा मात्र मला थोडा फुगवलेला वाटतो. फॉर्म्युला १ साठी तीन हंगामांत ४० गुण लागतात आणि फॉर्म्युला ४ च्या विजेत्याला १२ मिळतात, हे खरे. परंतु पंधराव्या वर्षी मिळवलेले गुण एकोणिसाव्या वर्षी अर्ज करताना त्या मुदतीत बसत नाहीत, आणि फॉर्म्युला १ च्या लगेच खालच्या फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या तिघांत येणाऱ्याला ४० गुण एका वर्षातच मिळतात. तेव्हा केवळ या १२ गुणांसाठी घाई करण्यात फारसे हशील नाही.

आमचा निर्णय ज्या एका गोष्टीवरून झाला, ती म्हणजे फॉर्म्युला ४ मधले थांबून राहणे. चाचणीचा दिवस कागदावर भरगच्च दिसतो. प्रत्यक्षात नवखी मुले वाळूत अडकतात, सत्र थांबवणारा लाल झेंडा पडतो, सगळ्या गाड्या पिट-लेनमध्ये परततात आणि घड्याळ मात्र चालूच राहते. मुलगी हेल्मेट घालून, पट्टे आवळून, इंजिन बंद असलेल्या गाडीत बसलेली असे. मेकॅनिक टायरवर हात ठेवून पाहत आणि मान हलवत. या टायरची खरी धार पहिल्या थोड्याच लॅपमध्ये असते. बाहेर पडल्यावर ते हळूहळू तापवत आणायचे, मग दोन किंवा तीन लॅप जीव तोडून चालवायच्या, आणि नेमक्या त्याच वेळी लाल झेंडा पडला तर टायर थंड होतात. पुन्हा तापवले तरी ती पहिली पकड परत येत नाही. नव्या टायरच्या संचांवर मर्यादा असल्याने दुसरी संधी बहुधा त्या दिवशी मिळत नाही. क्वालिफायिंगमध्ये असे घडले की शर्यतींच्या ग्रिडवरची, म्हणजे सुरुवातीच्या रांगांतली, जागाच त्यावरून ठरते. मी वेळा मोजून ठेवलेल्या नाहीत, पण गाडी चालवण्यापेक्षा ती चालवायला मिळण्याची वाट पाहण्यात तिचा अधिक वेळ गेला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. अनुभवी मुलाला हे सोसते, कारण त्याला मिळालेल्या दोन लॅपमध्ये काय करायचे हे त्याला ठाऊक असते. नवशिक्याचे शिकणे मात्र तिथेच तुटते.

केझेड२ मध्ये याच्या उलट अनुभव आला. क्वालिफायिंग, मग हीट्स (प्राथमिक शर्यती), आणि पात्र ठरल्यास पुढच्या फेऱ्या, असा आठवडाअखेरचा क्रम असल्याने चूक झाली तर ती सुधारण्याची संधी त्याच दिवशी येते. मधल्या काळात सराव करायचा तर छोटा ट्रॅक, एक मेकॅनिक आणि वापरलेले टायर पुरतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्टार्ट. इतर बहुतेक कार्ट वर्गांत सुरुवात चालत्या कार्टने होते; केझेड२ मध्ये फॉर्म्युला ४ प्रमाणेच ग्रिडवर उभे राहून, दिवे विझताच क्लच सोडायचा असतो. पुढच्या चाकांनाही ब्रेक असतात, गिअर सहा असतात आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या उजवीकडे असल्याने वळणात शिरताना बराच वेळ एका हाताने कार्ट सांभाळावे लागते. चालकासह पावणेदोनशे किलोच्या आसपासचे ते यंत्र इतक्या झपाट्याने प्रतिक्रिया देते, की त्यानंतर फॉर्म्युला ४ ची गाडी तिला सावकाश बोलणारी वाटली. हे माझे नव्हे, तिचे शब्द आहेत.

२०१३ मध्ये केझेडचे (केझेड२ च्या वरच्या गिअरबॉक्स वर्गाचे) जगज्जेतेपद मॅक्स वेर्स्टापेनने जिंकले आणि शार्ल लक्लेर दुसरा आला. पुढच्याच वर्षी पहिला फॉर्म्युला ३ मध्ये आणि दुसरा फॉर्म्युला रेनो मध्ये गेला. तेव्हा फॉर्म्युला ४ नुकतेच सुरू होत होते, म्हणून या दाखल्यावर फार भार टाकू नये. परंतु गिअरबॉक्स कार्टमधला हंगाम वाया जातो, असे म्हणणाऱ्यांसाठी तो पुरेसा आहे.

कार्टिंगचा जाच नाही असे नाही. पुढचा बंपर धक्क्याने आत सरकलेला आढळला तर निकालात ५ सेकंदांची भर पडते, आणि इतक्या दाटीच्या शर्यतीत ५ सेकंद म्हणजे जवळजवळ सर्व काही जाते. इंजिनांतला फरकही असतो, त्यामुळे मागे पडण्याचे कारण चालक की यंत्र, ही शंका पालकांची पाठ सोडत नाही. फॉर्म्युला ४ मध्ये सर्वांची गाडी सारखी असल्याने ती शंका बरीच कमी होते. तरीही हा त्रास निकालाचा आहे. शिकण्याचे तास त्यामुळे कमी होत नाहीत.

मुलगा उंच आणि वजनाने भरलेला असेल, किंवा एखाद्या फॉर्म्युला १ संघाच्या अकादमीने त्याला सोबत घेतले असेल, तर त्याने थेट फॉर्म्युला ४ कडे जावे. तिथे चाचण्यांची उणीव भरून काढणारे कोणी तरी पाठीशी असते. बाकीच्यांनी मला विचारले तर मी आधी केझेड२ चे नाव घेईन आणि हंगाम संपल्यावर हिवाळ्यात, पश्चिम आशियातल्या फॉर्म्युला ४ मालिका सुरू होण्याआधी, गाडीच्या चाचण्या सुरू करण्यास सुचवेन. त्या वेळी संघाशी बोलताना चाचणीचे दिवस किती हे विचारण्याबरोबरच, त्यांपैकी नव्या टायरवर किती आणि लाल झेंड्यात गेलेला वेळ भरून दिला जातो का, हेही कागदावर मागून घ्यावे.