कॅसेटवर चौकोन पडत नाहीत

परभणीकडच्या एका घरातून लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेटी डीव्हीडी करायला गेल्या. तीन आठवड्यांनी एक डिस्क हातात आली. नवरा-नवरीचे चेहरे ओळखू येत होते, पण मंगलाष्टकं सुरू झाली की सगळा मांडव चौकोनी ठिकऱ्यांचा. वरातीत तर बँडवाले कुठले आणि घोडा कुठला तेही कळेना. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "मामा, कॅसेटच खराब हाय तुमची. बुरशी लागलेली. जे निघालं ते निघालं." मग पुढचा डाव, "चार हजार वर द्या, एचडी करून देतो." ते चार हजारही गेले. पेनड्राइव्हवर आलेली फाइल टीव्हीवर लावली, तर चौकोनांच्या जागी मेणासारखे गुळगुळीत चेहरे.

या सगळ्यात कॅसेटचा दोष जवळपास नव्हताच. तीच कॅसेट दुसऱ्या व्हीसीआरवर टीव्हीला थेट जोडून लावली, तेव्हा चित्र मऊ आणि जरा थरथरतं होतं, पण चौकोन एकही नव्हता. तो दिसणार कसा? व्हीएचएस ही ॲनालॉग पट्टी आहे, तिच्यात चौकोन नावाची वस्तूच नसते. चौकोन डीव्हीडीच्या एमपेग-२ एन्कोडिंगमध्ये, म्हणजे चित्र दाबून डिजिटल करताना, जन्मतात. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि जागा कमी पडली की प्रत्येक तुकड्यातला बारकावा फेकून देतं. डिस्कवर चौकोन दिसले की तो दोष दुकानाचा.

कॅसेटचे दोष वेगळे दिसतात. पट्टीवरचा थर उडाला असेल तर आडव्या पांढऱ्या रेघा चमकून जातात. हेड, म्हणजे व्हीसीआरचा पट्टी वाचणारा भाग, मळकं असेल किंवा ट्रॅकिंग बिघडलं असेल तर मुंग्या आणि आडवे पट्टे येतात. पट्टी ताणली गेली असेल तर चित्राचा वरचा भाग एका बाजूला कलंडतो. अगदी तळाशी चार-सहा ओळींची गिचमीड व्हीएचएसला असतेच, टीव्हीवर ती चौकटीबाहेर जाते. नवरीच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो, कारण व्हीएचएस रंगाचा तपशील फार कमी साठवतं. पैठणीच्या जरीचे धागे त्यात कधी मोजता येणार नाहीत. यातलं काही दिसलं तर दुकानदाराशी भांडू नये. मात्र हेड साफ केलं का आणि पट्टी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घेतली का, हे विचारावं. बुरशी खरोखर असेल तर कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी डोळ्यांनी दिसते. ती दाखवा म्हणावं. अशी कॅसेट साफ न करता मशीनमध्ये घालणं चुकीचंच, कारण तीच बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर जाते.

आता हिशेब. त्या डिस्कवर दोन्ही कॅसेटींचं मिळून ३ तास ४० मिनिटं, म्हणजे १३,२०० सेकंदांचं चित्रण कोंबलं होतं. एका थराच्या डिस्कमध्ये ढोबळ मानाने ४,३०० एमबी वापरता येतात. एका बाइटचे ८ बिट, म्हणून एमबीला ८ ने गुणायचं आणि सेकंदांनी भागायचं: ३४,४०० भागिले १३,२००, म्हणजे सेकंदाला २.६ मेगाबिट. तेही आवाजासकट. आणि इथे दुकानदाराने आणखी एक घोळ करून ठेवला होता. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे अजिबात न दाबता ठेवला होता. तो एकटाच दीड मेगाबिट खातो. चित्राला उरले जेमतेम १.१. व्हीसीडीला १.१५ मिळायचे, तेही पाव आकाराच्या चित्राला. इथे तेवढ्यात ७२० बाय ५७६ चं पूर्ण चित्र बसवलं होतं. आवाज एसी-३ या दाबलेल्या प्रकारात २२४ किलोबिटवर ठेवला असता तर चित्राला दुपटीहून जास्त जागा मिळाली असती. त्याला एक क्लिक पुरे होतं.

हाच हिशेब ९० मिनिटांना लावला तर ६.४ मेगाबिट येतात आणि दोन तासांना ४.८. व्हीएचएससाठी ९० मिनिटं चांगली, दोन तास चालतील, त्यापुढे उतरती कळा. "व्हीएचएस तसंही हलकंच असतं, त्याला कशाला एवढी जागा" हा युक्तिवाद दुकानात हमखास ऐकू येतो आणि तो उलटा आहे. एमपेग-२ मागच्या चित्रातला भाग पुढच्या चित्रात जसाच्या तसा वापरून जागा वाचवतं. व्हीएचएसच्या मुंग्या दर चित्रात नव्या असतात, म्हणून काहीच जुळत नाही आणि निम्मी जागा मुंग्या खाऊन टाकतात. चित्र अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला किंचित धडकल्यासारखं, श्वास घेतल्यासारखं वाटत असेल तर तेही जागेच्या टंचाईचंच लक्षण. बारा-पंधरा चित्रांनंतर एक पूर्ण चित्र येतं, ते स्वच्छ असतं आणि पुढची पुन्हा मळत जातात.

तीन तास एकाच डिस्कवर हवेतच असतील तर प्रामाणिक मार्ग आहे: ३५२ बाय ५७६. डीव्हीडीच्या नियमात हा आकार बसतो. आडव्या दिशेने व्हीएचएसचा तपशील असतोच २४० ओळींच्या आसपास, त्यामुळे फारसं काही हरवत नाही आणि उभ्या ५७६ ओळी शाबूत राहतात. ३५२ बाय २८८ मात्र घेऊ नये. त्यात निम्म्या ओळी, म्हणजे एक अख्खं फील्ड (एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) फेकलेलं असतं आणि हालचाल तुटक होते. कॅसेट संगणकात उतरवायच्या स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर काडीचं सॉफ्टवेअर कित्येकदा यावरच सेट केलेलं असतं. आपल्याकडचं जुनं चित्रण पाल या टीव्ही पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रांचं. डिस्कची माहिती ७२० बाय ४८० आणि २९.९७ दाखवत असेल तर उभ्या ९६ ओळी विनाकारण गेल्या आणि सरकत्या दृश्यांत हिसके आले.

हे तपासायला दुकानदाराची परवानगी लागत नाही. डिस्क संगणकात घालून व्हिडिओ_टीएस फोल्डर उघडा. त्यातली १ जीबीपर्यंतची एखादी व्हीओबी फाइल मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका. आकार, बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट), आवाजाचा प्रकार, इंटरलेस्ड (अर्ध्या-अर्ध्या चित्रांचं) आहे की प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चित्रांचं), सगळं समोर येतं.

इंटरलेस्डबद्दल थोडं थांबायला हवं, कारण इथे गिऱ्हाईकही चुकतं. जुन्या कॅमेऱ्याचं चित्रण सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं: एकदा विषम ओळी, एकदा सम. संगणकावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात ते यामुळेच, तो बिघाड नव्हे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं डी दाबलं की जातात. खरा बिघाड तीन प्रकारांनी ओळखावा. टीव्हीवर चालणारा माणूस पुढे-मागे-पुढे असा थडथडत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. मिनीडीव्ही कॅमेऱ्यात खालचं फील्ड आधी असतं, बहुतेक कॅप्चर कार्डांत वरचं. दोन्हींना एकच सेटिंग लावलं की हे होतं. फक्त फाइलमधली क्रमाची खूण चुकली असेल तर पुन्हा एन्कोड न करता ती बदलता येते, नवे पैसे मागण्याचं कारण नाही. दुसरा प्रकार, हलत्या हाताला दोन-दोन हात: दोन अर्धी चित्रं एकमेकांत मिसळून टाकली. तिसरा, दाते जाड आणि लहरी झालेले: दाते तसेच ठेवून चित्र ताणलं किंवा आक्रसलं. शेवटच्या दोन्हींना औषध नाही, पुन्हा कॅसेटपासून सुरुवात करावी लागते. चेहरे रुंद दिसत असतील तर ४:३ च्या डिस्कवर १६:९ ची खूण आहे, एवढंच. "वाइडस्क्रीन करून दिलंय" म्हणून त्याचे पैसे लावणारे आहेत.

चार हजारांची ती "एचडी" कशी पकडली गेली? १,९२० बाय १,०८० ची फाइल आणि आधीची डीव्हीडी शेजारी-शेजारी लावली. लांबी सेकंदाला सेकंद सारखी. कॅसेट बदलताना आलेला निळा पडदा त्याच क्षणी. ट्रॅकिंगचा तोच पट्टा त्याच चित्रात. कॅसेट दुसऱ्यांदा चालवली असती तर सुरुवात-शेवट हुबेहूब जुळले नसते आणि मुंग्या तर कधीच सारख्या पडत नाहीत. म्हणजे कॅसेटला हातही न लावता डीव्हीडीच मोठी करून, चौकोन पुसट करून दिली होती. मोठं केल्याने तपशील येत नाही. डिस्कमध्येच नसलेली अक्षता आणणार कुठून?

अक्षतांवरूनच काम देताना नमुना घ्यावा. पैसे ठरवण्याआधी दहा मिनिटं करून मागावीत आणि ती कुठली हेही आपणच सांगावं: मंगलाष्टकांचं शेवटचं "सावधान". शेकडो दाणे सगळ्या दिशांनी उडतात, त्यातच फोटोवाल्याचा फ्लॅश पडून अख्खं चित्र एका क्षणात पांढरं होतं. एन्कोडरची याहून कठीण परीक्षा नाही. तिथे टिकलं तर हळदीत आणि जेवणावळीत टिकतंच.

पावतीवर लिहून घ्यायच्या गोष्टी: एका डिस्कवर ९० मिनिटं, फार तर दोन तास. पाल, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड तसंच. सरासरी साडेचार ते सहा मेगाबिट, टू-पास (आधी सगळं चित्रण तपासून मग एन्कोड). आवाज एसी-३, ४८ किलोहर्ट्झ. आणि मूळ कॅप्चर फाइल, म्हणजे कॅसेटवरून पहिल्यांदा उतरवलेली, आपल्या हार्ड डिस्कवर. डीव्ही या कमी दाबलेल्या प्रकारात ती तासाला १३ जीबी होते. पेनड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. हे कारण सांगून फाइल दाबून दिली जाते. पेनड्राइव्ह एक्सएफएटीने फॉरमॅट करा म्हणावं, संपलं. आता बऱ्याच घरी डीव्हीडी प्लेअरच नाही, तेव्हा एमपी४ हवी असेल तर ती कॅप्चरवरून सेकंदाला ५० चित्रांची बनवून घ्यावी, डीव्हीडीवरून नाही.

कॅसेट देण्याआधी पाठीमागच्या कडेला डावीकडची छोटी प्लास्टिकची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने मोडा. मग कॅसेटवर चुकून रेकॉर्डिंग होत नाही. औसा-उमरगा पट्ट्यातल्या घरांनी तर हे आजच करावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधीचं लग्न कॅसेटवर असेल तर त्यात दिसणारा वाडा, पार, गल्ली बाहेर पुन्हा कुठे सापडायची नाही. काम झाल्यावर कॅसेट परत घ्या, "आता ती कशाला" म्हणून दुकानात ठेवू नका. कॅसेट परत न देणं हा पुरावा नाहीसा करण्याचा सोपा मार्ग आहे.

फसवणूक झालीच असेल तर पावती, डिस्क आणि मीडियाइन्फोचा मजकूर एकत्र ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. दुकान नांदेडला आणि घर हिंगोलीला असलं तरी खेटे घालावे लागत नाहीत.

कॅसेट हरवली आणि खराब डिस्कच उरली असेल तर तिच्यावर पुन्हा-पुन्हा एन्कोडिंग करू नका, दरवेळी थोडं आणखी जातं. व्हीओबी फाइली जशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. बघताना व्हीएलसीचं डीइंटरलेस आणि पोस्ट-प्रोसेसिंग चालू करा. चौकोन थोडे विरतात आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही.