इंजिन माउंट आणि बुश: रबर की पॉलियुरेथेन? घोडबंदर रोडवरच्या टर्बो हॅचबॅकसाठी

पहिल्या गिअरला जोर दिला की इंजिन झुलतं, गिअर टाकताना ठक् आवाज येतो. यात बहुतेकदा दोष खालच्या टॉर्क माउंटचा, म्हणजे इंजिनाचं झुलणं रोखणाऱ्या आधाराचा असतो. तिथे नवं कंपनीचं रबर टाकलं तर गाडी शांत राहते; मात्र इंजिनाचा जोर (टॉर्क) वाढवणारी ट्यूनिंग केलेली असेल तर ते लवकर फाटतं. पॉलियुरेथेन (थोडक्यात पॉली) रबरापेक्षा कडक; त्याने इंजिनाचं झुलणं जातं, पण कंपनं थेट केबिनमध्ये येतात. माजिवड्याच्या सिग्नलला एसी चालू ठेवून उभं राहिलात की आरसा थरथरतो! म्हणून ७० शोर ए (कडकपणाचं माप) च्या आसपासचं मऊ पॉली फक्त टॉर्क माउंटला, इंजिनाचे बाकी दोन्ही माउंट रबरचेच.

कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) जिथे जोडलेला असतो तिथल्या बुशचं गणित वेगळं. रबरी बुश धातूला चिकटलेला असतो, आर्म वर-खाली झाला की तो पिळला जातो. त्यामुळे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा. जॅकवर आवळला तर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो. नेमकी हीच चूक गॅरेजमध्ये सर्रास होते. पॉली बुश आतल्या स्लीव्हवर (धातूच्या नळीवर) फिरतो, त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं. पावसाळ्यात ते धुऊन गेलं की कुरकुर सुरू. खड्ड्यांचे धक्केही जास्त जाणवतात. रोजच्या वापराला इथे रबरच. बुश बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्या.