पोकळ कातळ: परसातल्या धबधब्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

घरामागे छोटं तळं आणि त्यात पडणारा धबधबा करून घ्यायचा विचार असेल, तर हे आधी वाचा. आमचे एक लाख चाळीस हजार रुपये यात गेले. माणसाचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण त्याची पद्धत लिहिते, कारण त्याच पद्धतीने त्याने साताऱ्यात आणखी एका घरी हात मारल्याचं नंतर कळलं.

आमची मागणी साधी होती. ठोसेघर, वजराईचे धबधबे बघत वाढलेली माणसं आम्ही. परसात दोन-तीन फुटांचाच का होईना, पण इकडचा वाटेल असा धबधबा हवा होता. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसलेत. वरचा टणक कातळ टिकतो, खालचा ठिसूळ थर झिजतो आणि पाणी पुढे आलेल्या कडेवरून सुटं पडतं. म्हणजे आडवे, रुंद, काळे दगड, पायरीपायरीने. हे सगळं मी त्याला सांगितलं. "ताई, हेच तर आपलं काम," म्हणत त्याने टॅबवर फोटो दाखवले. सुंदर होते, नाही म्हणत नाही. एका फोटोत मागे लालभडक पानांचं झाड होतं. हे कुठलं काम म्हणून विचारलं तर म्हणाला, "महाबळेश्वरची साईट, ताई. तिकडे थंडीत पानं अशीच होतात." पुढे भाच्याने ते फोटो गूगल लेन्सवर टाकले. एकूण एक परदेशी बागांचे निघाले. ते झाड मेपल होतं.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं: 'नॅचरल रॉक वॉटरफॉल, काळा पाषाण ४ टन, इपीडीएम लायनर १ मिमी, पंप १०,००० लिटर प्रति तास, लेबर, जीएसटीसह, लमसम १,८५,०००'. वाचायला सगळं चोख. यातली एकही गोष्ट खरी नव्हती.

दगडांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी लबाडी तिथे होती. टेम्पो आला तेव्हा आम्ही घरी नव्हतो. शेजारचे काका व्हरांड्यात बसले होते. संध्याकाळी म्हणाले, "अगं, तुमच्याकडची पोरं भलतीच दांडगी. एवढाले धोंडे दोघं दोघं गप्पा मारत उतरवत होती." आता हिशेब बघा. दोन फूट लांब, रुंद आणि उंच असा बेसॉल्टचा ठोकळा सहाशे किलोच्या पुढे जातो. अगदी चेंडूसारखा गोल धरला तरी साडेतीनशेच्या आसपास. तो दोघांनी उचलणं सोडाच, पहारीशिवाय हलत नाही. दुसऱ्या दिवशी मी दगडावर किल्ल्यांचा जुडगा आपटला, तर ढब असा आवाज आला. रुपयाच्या नाण्याने खरवडलं, तर काळा पापुद्रा निघून आत राखाडी सिमेंट. चिकन जाळीवर गिलावा करून, ब्लॅक ऑक्साइड फासून, वर लाखेचा हात मारलेली टरफलं होती ती. विचारलं तर उत्तर तयार: "ताई, सिमेंट म्हणजे पण दगडाचीच पावडर."

एक सांगते, सिमेंटचे खडक करणं हा काही गुन्हा नाही. चांगला कारागीर फेरोसिमेंटमध्ये असा कातळ घडवतो की हात लावल्याशिवाय कळत नाही. पण मग त्याचे पैसे त्या कामाचे घ्या, चार टन पाषाणाचे नकोत. खरे दगड आले असते तर टेम्पोची वजनकाट्याची पावती असती. ती मी मागितली तेव्हापासून त्याचं "ताई ताई" बंद झालं.

रचना म्हणाल, तर सपाट अंगणात मधोमध ढिगारा, टोकाला भोक आणि त्यातून पाणी. दिवाळीत पोरं पोत्यावर माती थापून किल्ला करतात, हुबेहूब तो. फक्त मावळे ठेवायचे राहिले होते. पाणी डोंगरातून येतं, ढिगाऱ्याच्या शेंड्यातून उगवत नाही, एवढंही ज्याला दिसत नाही तो 'नॅचरल' शब्द कोटेशनवर कसा लिहितो? तर लिहितो, कारण तो शब्द मोजता येत नाही. "मला नैसर्गिक वाटतंय" म्हटलं की वाद मिटला. म्हणून त्या शब्दाखाली दगडाची जात, वजन, लायनरची जाडी, पाणी पडण्याची रुंदी हे लिहून घ्यावं लागतं, आणि माल उतरताना मोजावंही लागतं.

लायनरचं बघा, म्हणजे तळ्यातलं पाणी मुरू नये म्हणून खाली अंथरतात ते. इपीडीएम म्हणजे रबर. ताणलं की लांबतं, सोडलं की परत येतं, कापलेल्या कडेला धागा दिसत नाही. आमच्याकडे कडेचा दगड उचलला, तर खाली साधी ताडपत्री, कडेला विणीचे दोरे सुटलेले. खाली जिओटेक्स्टाइलचं जाड संरक्षक कापड नाही, वाळूचा थर नाही, थेट मुरुमावर अंथरलेली. टोकदार खडे वर आले आणि तळं रोज खाली जाऊ लागलं. तो म्हणाला, ऊन आहे, बाष्पीभवन होतंय. ते ओळखणं सोपं आहे: पंप रात्रभर बंद ठेवा. पंप चालू असतानाच पाणी घटत असेल तर गळती धबधब्याच्या वाटेत, बंद असतानाही तेवढंच घटत असेल तर तळ्यात. आमच्याकडे दोन्हीकडे होती.

पंपाने तर हद्द केली. साधा ठोकताळा असा की फूटभर रुंद धारेला, पाण्याचा पडदा नीट सुटायचा तर, ताशी साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, तेही पडण्याच्या उंचीवर. डब्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी जितकं वर चढवाल तितका तो घटतो. आमच्या धारेची रुंदी दोन फूट, आणि पाणी दगडाला चिकटून लाळेसारखं खाली ओघळत होतं. पंप बाहेर काढला. '१०,०००' लिहिलेला स्टिकर पाण्याने एका कोपऱ्यात सुटला होता. ओढला तर खाली मूळ छापील आकडा ३,०००, आणि वॉट ४०. दहा हजार लिटर दीड मीटर चढवायला नुसत्या पाण्याच्या उचलीलाच तेवढी ताकद जाते, मोटरमधली तूट वेगळीच. त्यामुळे स्टिकर काय वाटेल ते म्हणो, वॉट बघा. वायरचा जोड इन्सुलेशन टेप गुंडाळून पाण्यात सोडलेला होता. तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले, घरात नातू आहे. वायरमनला बोलावून त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, त्याच दिवशी बसवून घेतला.

डासांसाठी आणलेले गप्पी मासेही मेले. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी अल्कधर्मी होतं, ते माशांना सोसत नाही. पाणी बदलत राहायचं हे त्याने सांगायला हवं होतं.

शेवटी वाईकडच्या एका पाथरवटाने सगळं उपसलं. आम्हाला माहेरच्या शेताच्या बांधावरचे दगड मिळाले. त्याने अंगणाच्या कोपऱ्यात, कुंपणाला टेकून मातीचा उतार केला, मोठे दगड तिसरा हिस्सा जमिनीत गाडले आणि सगळ्यांचे थर एकाच दिशेला आडवे ठेवले. कडेचा सपाट दगड दोन बोटं पुढे काढला, म्हणजे पाणी मागे न वळता सुटं पडतं. मागच्या फटी फोमने बुजवल्या, नाहीतर अर्धं पाणी दगडांखालूनच निघून जातं. मोठ्या दगडांच्या मधे मध्यम, त्यांच्या मधे बारीक खडी. पांढरे गोटे आणू का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, हितं कुठल्या ओढ्यात बघितलं पांढरे गोटे?"

आता तक्रारीचं. पोलिस म्हणाले, दिवाणी मामला आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. महाराष्ट्राचे नंबर २७ ने सुरू होतात, ह्याचा २९ ने होता, कर्नाटकातल्या कुठल्यातरी दुकानाचा. यूपीआयचे पैसे त्याच्या मेहुण्याच्या खात्यात गेलेले. कोटेशन, चॅट, पंपावरून निघालेला स्टिकर, ताडपत्रीचा तुकडा आणि सिमेंटचं एक टरफल, एवढं पुरावा म्हणून ठेवलंय. पाथरवटाकडून त्याने उपसून काढलेल्या मालाचं लेखी वर्णन सहीनिशी घेतलंय. समोरच्याने अजून उत्तर दाखल केलेलं नाही, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. त्या दुसऱ्या घरच्या मंडळींनीही आता स्वतंत्र तक्रार द्यायचं ठरवलंय.